ऑर्डर संगणकाने येते, मग काटापट्टी का येत नाही?



कापसाची गाडी घेऊन काट्यावर उभे राहिलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. काट्याचा आकडा कोण वाचतो आणि वहीत कोण लिहितो, यावर अर्धा सौदा ठरतो. भाव कितीही चांगला मिळाला तरी वजनात, ओलाव्यात, बारदान्यात आणि 'इतर खर्च' नावाच्या रकान्यात तो गळून जाऊ शकतो. बाजार समितीत, व्यापाऱ्याच्या ओट्यावर आणि १९७२ पासून एकाधिकार खरेदीच्या केंद्रावर आपण हे भोगले आहे. म्हणूनच हातात काटापट्टी आणि हिशोबपट्टी मिळाल्याशिवाय घर गाठायचे नाही, ही सवय आपण लावून घेतली.

आता ती वही संगणकात गेली आहे, आणि संगणकात गेल्याबरोबर आपण पट्टी मागायचे सोडून दिले आहे. आज लिहायचे आहे ते याबद्दल.

२००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढायची वाट मोकळी झाली. २०२० मध्ये केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना आणली आणि कंपन्यांची संख्या वाढली. त्यातल्या ज्या कागदावरच राहिल्या नाहीत, त्या आता ज्वारी पीठगिरणीला देतात, पशुखाद्याच्या कारखान्याला देतात. काहींनी जिनिंग घेऊन गाठी सूतगिरणीला द्यायला सुरुवात केली आहे. या मोठ्या खरेदीदारांशी बोलणी होतात, भाव ठरतो, आणि शेवटी एक अट येते: पुरवठादाराने आमच्या संगणकाशी 'ईडीआय' जोडून घ्यावे. अध्यक्ष विचारतात, हे काय? कारभारी सांगतो, कॉम्प्युटरचे काम आहे, पोरगा बघून घेईल. पोरगा बिचारा खरेदीदाराने पाठवलेला फॉर्म भरतो, तो सांगेल ते रकाने जोडतो आणि काम झाले म्हणून कळवतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की हे कॉम्प्युटरचे काम नाही, सौद्याचे काम आहे. भाव ठरवायला जसे संचालक बसतात, तसे हे ठरवायलाही बसले पाहिजेत.

ईडीआय म्हणजे काय?

नाव मोठे आहे, गोष्ट साधी आहे. खरेदीदाराच्या हिशोबाच्या प्रोग्रॅममधून ऑर्डर निघते आणि मध्ये कोणी हाताने न लिहिता, थेट आपल्या हिशोबाच्या प्रोग्रॅममध्ये उतरते. आपले बिल तसेच त्यांच्याकडे जाते. हे होण्यासाठी दोन्ही बाजूंनी आधी ठरवावे लागते की कोणती माहिती कोणत्या रकान्यात आणि कोणत्या खुणेने लिहायची. असा ठराविक रकान्यांचा कागद म्हणजे एक 'संदेश'.

याचा जन्म कारखानदारीत झाला नाही, टंचाईत झाला. १९४८-४९ मध्ये बर्लिन शहराची नाकेबंदी झाली तेव्हा विमानांनी धान्य आणि कोळसा पोचवावा लागला. प्रत्येक देशाचा मालाचा कागद वेगळा, भाषा वेगळी. एडवर्ड गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने मग सर्वांसाठी एकच ठराविक यादी केली, जी टेलेक्सवरून किंवा फोनवरूनही सांगता येईल. त्यातूनच पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत 'एक्स१२' नावाच्या प्रमाण संदेशांचे काम सुरू झाले, आणि १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आश्रयाने तयार झालेली 'एडिफॅक्ट' ही पद्धत आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली.

हे आपल्यापासून लांबचे आहे असे समजू नका. जीएसटीचे ई-इनव्हॉइस हे याच जातीचे आहे. ५०० कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ते १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असणाऱ्या धंद्यांनाही लागू झाले. ठराविक रकान्यांचे बिल, सरकारी संगणकाकडे रवाना, तिकडून क्रमांक आणि चौकोनी खूण परत. सरकारला आपला कर हवा होता तेव्हा सगळ्या देशाच्या हिशोबाच्या प्रोग्रॅममध्ये एकच संदेश जोडला गेला. पण त्या संदेशातून बिल किती झाले हे सरकारला कळते. माल किती उतरला, किती कापला आणि पैसे कधी दिले, हे आपल्याला कळण्याची सोय त्यात नाही. ती आपली आपण करायची आहे.

सात कागद, जोडले जातात चार

एका सौद्यात मुख्य कागद सात. अमेरिकी पद्धतीत त्यांना क्रमांक आहेत, तेच लक्षात ठेवायला सोपे.

८५० म्हणजे खरेदीदाराची ऑर्डर.
८५५ म्हणजे ऑर्डर मान्य असल्याचे आपले उत्तर.
८५६ म्हणजे माल निघाल्याची आपली वर्दी: कोणती गाडी, किती पोती, कोणते लॉट.
८६१ म्हणजे माल उतरल्याची खरेदीदाराची नोंद: किती मिळाला, किती घेतला, किती नाकारला आणि का.
८१० म्हणजे आपले बिल.
८२० म्हणजे पैसे दिल्याचा खरेदीदाराचा तपशील: कोणत्या बिलाचे किती, कपात किती, कशाबद्दल.
९९७ म्हणजे नुसती पोच: तुमचा कागद आमच्या संगणकाला वाचता आला.

एडिफॅक्टमध्ये याच कागदांना वेगळी नावे आहेत, पण पाने तीच.

आता जोडणीचा फॉर्म काढून बघा. त्यात बहुधा ८५०, ८५५, ८५६ आणि ८१० असतात. म्हणजे त्यांचा हुकूम, आपला होकार, आपली वर्दी आणि आपले बिल. पोच मिळते ती यंत्राची सवय म्हणून. पण ८६१ आणि ८२०, म्हणजे आपली काटापट्टी आणि हिशोबपट्टी, फॉर्मात नसतात. कोणी कट करून काढलेली असतात असे मी म्हणत नाही. फॉर्म त्यांनी केला, त्यांना जे लागते ते त्यांनी लिहिले. आपल्याला जे लागते ते आपण लिहिले नाही, म्हणून ते नाही.

परिणाम काय होतो? खात्यात एक रक्कम जमा होते. तीन बिलांची बेरीज आणि ती रक्कम जुळत नाही. फरक कोणत्या गाडीचा, कशाचा, हे विचारायला फोन करावा लागतो. माल उतरवून घेणारा म्हणतो हिशोबखात्याला विचारा. हिशोबखाते म्हणते सिस्टीमने कापले. सिस्टीम हा आजचा नवा अडत्या आहे. त्याच्याशी भांडता येत नाही, कारण तो ओट्यावर बसत नाही.

पोच म्हणजे कबुली नव्हे

९९७ ची पोच आली की आपली माणसे निर्धास्त होतात. रजिस्टर पत्राची पोच आली म्हणजे समोरच्याने मजकूर मान्य केला असे होत नाही, तसेच हे आहे. ९९७ एवढेच सांगते की कागद मिळाला आणि रकाने ठीक भरले होते. बिल मंजूर झाले की नाही, याचा त्यात एक शब्द नसतो.

तरीही पोच फेकून देण्यासारखी नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ४ थ्या कलमाने संगणकावरच्या नोंदीला लेखी कागदाचा दर्जा दिला आहे, आणि १२ वे कलम खास पोचेबद्दलच आहे. पाठवणाऱ्याने आधी सांगून ठेवले असेल की पोच आल्याशिवाय हा कागद बंधनकारक नाही, तर पोच येईपर्यंत तो पाठवलाच नाही असे धरले जाते. तेव्हा प्रत्येक पोच जपून ठेवा. प्रत्येक संदेशाच्या पाकिटावर पावतीपुस्तकासारखा चढता क्रमांक असतो. मधला क्रमांक गायब दिसला की एक कागद वाटेत हरवला आहे, हे त्याच दिवशी कळते. महिन्याने कळत नाही.

रकान्यात दडलेला कडता

खरेदीदाराच्या प्रोग्रॅममध्ये पैसे सुटण्याआधी तीन कागदांचा मेळ घातला जातो: ऑर्डर, माल उतरल्याची नोंद आणि बिल. तिन्ही जुळले तर बिल पुढे जाते. जुळले नाही तर आपोआप अडकते. माणूस बघेपर्यंत अडकून राहते. म्हणून जोडणी करताना ठरलेल्या बारीक गोष्टी नंतर रुपयांत मोजाव्या लागतात.

पहिली गोष्ट मापाची. आपण क्विंटलमध्ये बोलतो, खरेदीदाराची ऑर्डर किलोत असते. ऑर्डर २०,००० किलोची आणि बिल २०० क्विंटलचे. माणसाला ते एकच आहे. यंत्राला एक आकडा २०,००० दिसतो आणि दुसरा २००. वर खुणांचा घोळ. आंतरराष्ट्रीय यादीत किलोची खूण 'केजीएम' आहे, आपल्या जीएसटीच्या यादीत 'केजीएस'. क्विंटलची खूण तिकडे 'डीटीएन', इकडे 'क्यूटीएल'. आमच्या भागातल्या एका कंपनीचे ज्वारीचे बिल अशाच मापाच्या घोळात अडकून पडले होते. माल खाल्ला गेला, पीठ विकले गेले, आणि बिल मात्र 'जुळत नाही' या शिक्क्याखाली बसून राहिले. सभासदांना उचल देण्यासाठी कंपनीने कर्ज काढले. त्याचे व्याज कोणी दिले नाही.

कापसात गाठ हे माप तर आणखी फसवे. आपल्याकडची गाठ १७० किलोची धरतात, अमेरिकेतली ४८० पौंडांची, म्हणजे सुमारे २१८ किलोची. रुईचा भाव खंडीवर बोलतात आणि खंडी ३५५.६२ किलोची. म्हणून नुसत्या 'गाठी १००' या रकान्यावर सही करू नका. गाठीगणिक निव्वळ किलो हा रकाना सक्तीचा करून घ्या.

दुसरी गोष्ट ओलाव्याची, आणि हा माझ्या शिक्षणातला विषय आहे. १३ टक्के ओलाव्याची ज्वारी भरली आणि वाटेत, गोदामात सुकून १२ टक्क्यांवर आली, तर १०० किलोचे ९८.८६ किलो राहते. २०० क्विंटलच्या गाडीत सव्वादोन क्विंटलची घट येते आणि एक दाणाही कोणी चोरलेला नसतो. गेले ते पाणी. पीठ होणारा माल तेवढाच पोचला. पण मेळ घालणारे यंत्र फक्त वजन बघते आणि 'कमी माल' म्हणून कापते. हाच माल ओला पोचला असता तर 'जास्त ओलावा' म्हणून कापला असता. दोन्हीकडून मार आपल्यालाच. यावर उपाय एकच. माल निघाल्याच्या वर्दीत वजनाबरोबर ओलावा लिहायचा, माल उतरल्याच्या नोंदीतही ओलावा आलाच पाहिजे, आणि हिशोब ठरलेल्या ओलाव्याच्या वजनावर व्हायचा. कापसात तर हे नवे नाही. कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ८ टक्के ओलाव्याचा भाव धरून १२ टक्क्यांपर्यंत कपात होते आणि त्यावरचा कापूस नाकारतात. नियम आहे; मग तो आकडा कागदावर का येऊ नये?

तिसरी गोष्ट सवलतीच्या हद्दीची. मेळ घालताना किती फरक चालेल हे प्रोग्रॅममध्ये भरता येते. ती हद्द शून्य ठेवली तर २०,००० किलोला ६० किलोचा फरकही अख्खे बिल अडवतो. शेतमाल म्हणजे लोखंडाचे खिळे नव्हेत. हद्द किती हे करारात लिहा, आणि वाद असलेल्या तेवढ्याच मालाचे पैसे थांबवून बाकीचे सोडायचे, हेही लिहा.

एकाच्या ओल्या कापसाचा दंड दुसऱ्याला

यात सर्वांत जास्त कोण भरडला जातो? चांगला माल आणणारा शेतकरी.

समजा एका गाडीत तीस सभासदांची ज्वारी गेली. चार जणांची मळणी पावसात सापडली, दाणे काळे पडले. खरेदीदाराने दोन टक्के कापले. ८६१ नाही, लॉटचा रकाना नाही, म्हणून कंपनीला कळते ती फक्त एकूण कपात. कंपनी ती तीसही जणांत वाटते. ज्याने खळे सारवून, ताडपत्री टाकून, दोनदा उन्हात घालून माल आणला, तोही दोन टक्के देतो. पुढच्या वर्षी तो कष्ट घेणे सोडतो किंवा कंपनी सोडतो. कंपन्या अशा मोडतात. बाहेरून कोणी मोडत नाही; आतला हिशोब लावता येत नाही म्हणून सभासदाचा विश्वास उडतो.

म्हणून पोत्यावर किंवा थप्पीवर लॉट क्रमांक, तोच क्रमांक माल निघाल्याच्या वर्दीत, तोच माल उतरल्याच्या नोंदीत आणि तोच पैशाच्या तपशिलात. चारही ठिकाणी एकच क्रमांक आला तर कपात ज्याची त्याच्या नावावर पडते आणि चांगल्या मालाचा जादा भावही ज्याचा त्याला मिळतो. आपण गेली कित्येक वर्षे प्रतवारीप्रमाणे भाव मागत आलो आहोत. एक क्रमांक शेवटपर्यंत गेला नाही तर ती मागणी आपल्याच कंपनीत पुरी होणार नाही.

टेक्सासच्या कोरडवाहू शेतकऱ्याने काय केले

हे होऊ शकते का, असे विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. अमेरिकेत टेक्सासच्या उत्तरेकडच्या पठारावर, लबक शहराच्या आसपास, आपल्यासारखीच कापूस आणि ज्वारी ही पिके आहेत. जमिनीखालचे पाणी खाली गेले आहे आणि पुष्कळ शेती पावसावर आहे. तिथल्या कापूस उत्पादकांची 'प्लेन्स कॉटन को-ऑपरेटिव्ह असोसिएशन' ही सहकारी संस्था १९५३ मध्ये निघाली. १९७५ मध्ये या संस्थेने 'टेलकॉट' नावाने संगणकावर कापूस विकायला सुरुवात केली. आपल्याकडे गावात टेलिफोन नव्हता तेव्हाची ही गोष्ट आहे.

तिथे प्रत्येक गाठीला जिनिंगमध्येच कायमचा क्रमांक मिळतो. प्रत्येक गाठीचा नमुना सरकारी प्रतवारी कार्यालयात यंत्रावर तपासला जातो आणि धाग्याची लांबी, ताकद, मायक्रोनेअर, रंग यांचे आकडे त्या क्रमांकावर चढतात. १९९५ पासून गोदामाची पावतीही कापसाला संगणकावर मिळू लागली. खरेदीदार क्रमांक बघून, आकडे बघून बोली करतो. त्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या सबसिडीचा विषय वेगळा आहे, त्यावर आपण पुष्कळ लिहिले आहे. इथे बघायचे एवढेच की रकाने कोणते असावेत हे ठरवताना शेतकऱ्यांची स्वतःची संस्था टेबलाशी बसली होती. म्हणून गाठीचा गुण आणि गाठीचा पैसा एकमेकांपासून तुटले नाहीत.

तारखेचे पैसे होतात

माल उतरल्याच्या नोंदीत एक रकाना तारखेचा असतो. तो सगळ्यांत महत्त्वाचा समजा.

ज्या कंपनीची जिनिंग, साफसफाई-प्रतवारी किंवा पिठाची गिरणी आहे आणि सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून जिची उद्यम नोंदणी झाली आहे, तिला २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचे संरक्षण आहे. करारात काहीही लिहिले तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे पैसे लांबवता येत नाहीत. लांबवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज देणे लागते. 'स्वीकारले' म्हणजे केव्हा, हेही कायद्यात आहे. माल दिल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल दिल्याचा दिवस हाच स्वीकारल्याचा दिवस.

आता बघा. माल कधी दिला याचा खरेदीदाराच्याच संगणकातून आलेला कागद आपल्या संगणकात असेल, तर ४५ दिवसांची मोजणी वादात पडत नाही. हरकत घ्यायची असेल तर तीही त्यांना कारणासह १५ दिवसांत त्याच वाटेने पाठवावी लागेल. दोन महिन्यांनी 'माल खराब होता' म्हणायची सोय राहत नाही. जोडणीच्या वेळी एक रकाना जास्त मागितल्याने कायद्याचे हत्यार हातात येते. न मागितल्यास तेच हत्यार भिंतीला टांगलेले राहते.

तीन हरकती

पहिली हरकत: खरेदीदार ऐकणार नाही. एकटी कंपनी गेली तर ऐकणार नाहीच. पण हे संदेश त्यांच्या प्रोग्रॅममध्ये नवे बनवायचे नसतात. माल उतरल्याची नोंद ते स्वतःच्या मेळासाठी करतातच. तीच बाहेर पाठवायची आहे. जिल्ह्यातल्या पाच-सहा कंपन्यांनी एकाच भाषेत, एकाच कागदावर मागितले तर नाही म्हणायला कारण सांगावे लागेल. आणि ते कारण आपल्याला ऐकायचेच आहे.

दुसरी हरकत: खर्च परवडत नाही. वर्षाला चार गाड्या पाठवणाऱ्या कंपनीने मोठी यंत्रणा घेऊ नये, हे माझेही मत आहे. अशा पुरवठादारांसाठी पुष्कळ खरेदीदार वेबसाइटवर फॉर्म ठेवतात. तिथे बसून ऑर्डर बघायची आणि बिल भरायचे. तेही चालेल. मात्र तिथली प्रत्येक नोंद फाइल म्हणून उतरवून घेता आली पाहिजे आणि ती आपल्याकडे राहिली पाहिजे. नाहीतर वाद झाला की आपला पुरावा त्यांच्या कुलपात. आणि ज्या कंपन्यांना जोडणी लागतेच, त्यांनी चार-पाच जणींत मिळून एक जाणता माणूस ठेवावा.

तिसरी हरकत: हे काम सरकारने पोर्टल काढून करावे. भावांनो, सरकारी पोर्टलवर आपला अनुभव काय आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. सर्व्हर बंद म्हणून रांगा लागतात. दोन व्यापारी पक्षांमधला कागद कसा असावा हे त्या दोघांनी ठरवावे. सरकारने कायदा पाळायला लावावा, तेवढे पुरे.

आणखी एक सांगून ठेवतो. ईडीआयने भाव वाढणार नाही. भाव बाजारात ठरतो आणि धोरणात पाडला जातो. ती लढाई वेगळी आणि ती चालूच राहील. पण ठरलेला भाव घरापर्यंत पुरा पोचतो की नाही, हे या रकान्यांत ठरते.

बैठकीत घ्यायचा ठराव

जिल्हा बैठकीत प्रत्येक उत्पादक कंपनीच्या प्रतिनिधीने आपला जोडणीचा फॉर्म घेऊन यावे. नसेल तर खरेदीदाराशी झालेला करार आणावा. तिथे पुढील मुद्द्यांवर एकच मागणीपत्र तयार करू.

१. माल उतरल्याची नोंद आणि पैशाचा तपशील हे दोन्ही संदेश जोडल्याशिवाय ऑर्डर आणि बिलाचे संदेश सुरू करायचे नाहीत.

२. प्रत्येक कपातीला कारणाची खूण आणि लॉट क्रमांक पाहिजे. 'इतर' ही खूण चालणार नाही.

३. मापाचे एकक, त्याची खूण आणि गाठीचे निव्वळ किलो आधी लेखी ठरवायचे. ज्वारी आणि कापूस दोन्हींत ओलावा दोन्ही टोकांना लिहायचा.

४. फरकाची हद्द करारात. वादापुरतेच पैसे थांबवायचे.

५. खरा माल सुरू होण्याआधी चाचणीचे संदेश पाठवतात, तेव्हा फक्त सरळ सौद्याची चाचणी घेऊन थांबायचे नाही. अर्धी गाडी, कमी भरलेले वजन, नाकारलेला लॉट आणि एकाच बिलाची दोनदा रवानगी, या चारही प्रसंगांची चाचणी घ्यायची. भांडण होणार ते इथेच. ते माल नसताना झालेले बरे.

६. सगळे संदेश आणि पोचा कंपनीच्या स्वतःच्या संगणकात, आणि एक प्रत बाहेर, किमान आठ वर्षे ठेवायच्या.

ज्यांची कंपनी नाही, जे आजही एकटे बाजारात जातात, त्यांनीही बैठकीला यावे. वरच्या टप्प्यावर कापलेला पैसा व्यापारी आपल्या खिशातून भरत नाही. तो ओट्यावर तुमच्याकडूनच वसूल होतो. तेव्हा वर काय कापले, कशाबद्दल कापले, हे कळण्यात तुमचाही वाटा आहे.

कारभारी लोकांना एक विनंती. पुढच्या वेळी असा फॉर्म आला की पोराकडे टाकू नका. संचालकांच्या सभेत वाचा, आणि कोणते कागद त्यात नाहीत ते आधी बघा.